चित्रकाराची रोजवही: अशी ठेवा

भारीतली देखणी वही घेऊ नका, तिच्यावर हात टाकायला धीर होत नाही. मी ए-५ आकाराची, शिवलेल्या बांधणीची, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) पुढचा कागद असलेली वही घेते. याहून पातळ कागद पाणी लागलं की सुरकुततो. पेनाची शाई वॉटरप्रूफ हवी, म्हणजे वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, देताना रेघ पसरत नाही.

स्टुडिओची एक आणि घरची एक, असल्या दोन वह्या मात्र करू नका. माझ्या एका पानावर भाजीवालीकडची गवार आहे, शेजारी भाव, आणि खाली तिचा हिरवा कसा लागला ते: सॅप ग्रीन ट्यूबमधून सरळ घेतला तर कच्चा दिसतो, त्यात बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, जरासा. पुढे केळीच्या बागेतली सावली अडली तेव्हा तोच हिरवा कामाला आला. वह्या वेगळ्या असत्या तर गवारीकडे बघितलंच नसतं.

पानावर आधी तारीख, वेळ आणि उजेड. उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर सारखा उजेड येतो, हे युरोपातलं गणित. आमच्या कोल्हापुरात मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिथूनही थेट ऊन आत येतं आणि कॅनव्हासवरचा रंग भलताच दिसतो. वेळ लिहिलेली नसेल तर दोष रंगाचा की उन्हाचा, कळायचं कसं?

मग काम. ‘आज झाडं रंगवली’ हे लिहून काही हाती लागत नाही. कुठे थांबलात, काय खटकतंय, उद्या पहिला हात कुठे मारायचा, हे लिहा. तैलरंग असेल तर कोणत्या थराला जवसाचं तेल किती घातलं तेही. वरचा थर खालच्यापेक्षा तेलकट हवा, नाहीतर पुढेमागे तडे जातात. आणि पंधरा दिवसांनी खालचा थर कुणाला आठवतो!

रंगाचा ठिपका वाळल्यावरच त्याच्याबद्दल लिहा, जलरंग वाळला की फिका होतो. नावासोबत ट्यूबवरचा पिगमेंटचा, म्हणजे आतल्या रंगद्रव्याचा, नंबरही टिपा. अल्ट्रामरीन निळा म्हणजे पीबी २९, पण सॅप ग्रीन प्रत्येक कंपनीचा निराळा. नवा रंग आणला की एका पट्टीवर लावून अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाका आणि काही महिने खिडकीला चिकटवून ठेवा. ॲलिझरीन क्रिमसन हा लाल, पीआर ८३, उन्हात कसा उडतो ते बघाच. पट्टी मग वहीत डकवायची.

बाजारात, एसटीत रंग काढायला सवड नसते. तिथे रेघा मारा आणि जागच्या जागी रंगांची नावं लिहा. फ्रेंच चित्रकार देलाक्रुआने १८३२ साली मोरोक्कोत हेच केलं, आणि त्या टिपणांवरून पुढे कितीतरी वर्षं चित्रं काढली.

पानांना नंबर घाला, शेवटची दोन पानं अनुक्रमणिकेला कोरी सोडा. पावसाळ्यात ओलं पान मिटू नका, चिकटतं.