वेग देताना गाडीतून येणारा ‘ऊंऽऽ’ आवाज: माग कसा काढावा, उपाय कोणता करावा

ॲक्सिलरेटर दाबताच गाडीतून बारीक, चढत जाणारा ‘ऊंऽऽ’ असा आवाज येऊ लागला, की बहुतेक जण थेट गॅरेज गाठतात आणि ‘गाडी आवाज करते’ एवढेच सांगतात. तेवढ्या माहितीवर मेस्त्रीने गिअरबॉक्स उतरवायला घेतला, तर त्याला तरी दोष कसा द्यावा? पान्याला हात लावण्यापूर्वी एकाच प्रश्नाचे उत्तर मिळवावे: हा आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो की चाकांच्या?

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि इंजिनाच्या फेऱ्या सावकाश मिनिटाला ३००० पर्यंत न्याव्यात. उभ्या गाडीतही तोच आवाज आला, तर चाके आणि डिफरन्शिअल (इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी दातेरी यंत्रणा) यांच्यावरचा संशय तूर्त बाजूला ठेवता येतो. तो आला नाही, तर रिकाम्या, सरळ रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरचा वेग कायम राखून गाडी एकदा तिसऱ्या आणि एकदा चौथ्या गिअरमध्ये चालवावी. वेग तोच असताना गिअरबरोबर आवाजाची पट्टी बदलली, तर मूळ इंजिनाच्या बाजूला असते. पट्टी मुळीच बदलली नाही, तर ते चाके, टायर किंवा डिफरन्शिअल यांत शोधावे. या चाचणीत इंजिन बंद करून गाडी घरंगळू देण्याचा मोह टाळावा, कारण इंजिन बंद होताच ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

उभ्या गाडीत आवाज येत असेल, तर पुढची कसोटी क्लचची आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना क्लच पूर्ण दाबल्यावर आवाज थांबला आणि सोडताच परत आला, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे (इंजिनाची ताकद आत आणणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग बहुधा झिजलेले असते. याउलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लचचे रिलीज बेअरिंग (क्लच दाबल्यावर तो सोडवणारे बेअरिंग) संशयास्पद ठरते. क्लचचा काहीच परिणाम होत नसेल, तर बॉनेट उघडून फॅनबेल्टकडे वळावे.

या बेल्टवर अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप आणि जुन्या पद्धतीच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगचा पंप चालतो, शिवाय बेल्ट ताणून धरणाऱ्या पुल्या असतात. यांपैकी कोण ओरडतो हे ओळखण्यासाठी एकेकावर भार टाकून पाहावा. हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर चालू केल्यावर आवाज वाढला, तर अल्टरनेटर. स्टिअरिंग वळवताना वाढला, तर स्टिअरिंगचा पंप. पंपाच्या टाकीतील तेल कमी झाले असेल किंवा त्यावर फेस दिसत असेल, तर आधी गळती बंद करावी आणि मगच गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल भरावे.

आमच्या जुन्या गाडीला एका गॅरेजने गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च सांगितला होता. क्लच दाबून पाहिला, तर आवाजात तसूभरही फरक पडत नव्हता. मग लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक एकेका भागाच्या न फिरणाऱ्या आवरणावर टेकवून मूठ कानाला लावली. अल्टरनेटरवर नुसती एकसंध घरघर होती, पण आयडलर पुलीच्या (बेल्टला नुसता आधार देणाऱ्या पुलीच्या) मधल्या बोल्टवर टोक ठेवताच वाळू दळावी तशी खरखर स्पष्ट ऐकू आली. इंजिन बंद करून बेल्ट काढला आणि पुली बोटाने फिरवली, तर ती सायकलच्या चाकासारखी कितीतरी वेळ फिरत राहिली. चांगल्या बेअरिंगमध्ये ग्रीस असल्याने पुली किंचित जड आणि निःशब्द फिरते. मोकळी भिरभिरणारी पुली चांगली वाटते खरी, पण तिच्यातले ग्रीस वाळलेले असते. पुली आणि बेल्ट बदलताच आवाज गेला. स्क्रूड्रायव्हरची ही युक्ती करताना मात्र सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही बेल्टजवळ जाता कामा नये.

टर्बो असलेल्या डिझेल गाडीत हलकी शिट्टी स्वाभाविक असते. ती अचानक मोठी झाली, ओढ कमी झाली आणि काळा धूर येऊ लागला, तर टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणारा पाइप फाटला आहे का किंवा त्याची क्लिप सैल झाली आहे का, हे पाहावे. फट असलेल्या जागी सहसा तेलकट डाग आढळतो. रिव्हर्समध्ये येणारा आवाज बहुतेक गाड्यांत दोष नसतोच, कारण त्या गिअरचे दाते सरळ कापलेले असतात.

चाकांच्या बाजूचा आवाज वळणावर पारखावा. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर उजवीकडचे हब बेअरिंग तपासावे. गाडी जॅकने उचलून तिला खालून स्टँडचा आधार देऊन एका हाताने चाक फिरवावे आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवावा. खराब बेअरिंगची थरथर कानाआधी हाताला कळते.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वेग देताना आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर सोडताच तो थांबतो किंवा बदलतो, तेव्हा संशय क्राउन-पिनियनवर, म्हणजे डिफरन्शिअलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीवर, जातो. येथे सर्वांत स्वस्त उपाय आधी करावा, तो म्हणजे तेलाची पातळी पाहणे. गिअरबॉक्स असो वा डिफरन्शिअल, तेल भरण्याचा वरचा बोल्ट उघडतो याची खात्री करूनच तेल काढण्याचा खालचा बोल्ट सोडावा. नाहीतर तेल सांडून जाते आणि वरचा बोल्ट गंजून अडकल्यामुळे गाडी जागेवरच बसते. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी लेप असणे नेहमीचे आहे, परंतु चमकणारे कण किंवा दात्याचा तुकडा निघाला, तर नवे तेल भरून तो आवाज जाणार नाही. क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलतात व त्यांच्या दात्यांतील अंतर मोजून बसवावे लागते, त्यामुळे हे काम घरी न करता तशी मोजमापाची साधने असलेल्या मेस्त्रीकडेच द्यावे.