३१ मेचा हिशेब

दारूगोळा कारखान्याच्या आस्थापना विभागात पहिल्याच दिवशी साहेबांनी सर्व्हिस बुकांची, म्हणजे कामगारांच्या नोकरीच्या नोंदवह्यांची, चळत पुढ्यात ठेवली. म्हणाले, "जन्मतारखा काढ." दुपारपर्यंत वहीत रांग लागली: १ जून, १ जून, १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली तारीख! केंद्राच्या नियमाने ज्या महिन्यात साठ वर्षं पूर्ण होतात, त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती. पण जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याची अखेर. म्हणजे हे सगळे ३१ मेला घरी.

१ ऑक्टोबर २०२१ला आयुध निर्माणी मंडळ जाऊन ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. जुने कामगार डीम्ड डेप्युटेशनवर, म्हणजे नव्या कंपनीत प्रतिनियुक्तीवर आहेत असं मानून, केंद्राचेच कर्मचारी राहिले; निवृत्तीचे नियमही तेच. म्हणून सर्व्हिस बुक वाचायला शिकल्याशिवाय या कामात गती नाही.

माझी चूक सांगतो. तक्त्यात मी 'फिटर' एवढंच मोजलं. त्यातले काडतुसाच्या पितळी केसच्या प्रेसवर डाय (साचा) बसवणारे दोघंच, आणि दोघेही १ जूनचे. त्यातले एक काका केसच्या आतून बोट फिरवायचे. एक बाजू जाड लागली, की जाडी मोजायचा मायक्रोमीटर यायच्या आत पंच (साच्यात पितळ दाबणारा दांडा) कुठे सरकलाय ते सांगायचे. जूनमध्ये आलेली आयटीआयची पोरं हुशार होती, तरी भंगाराची पेटी पितळेने भरत राहिली. काका रोज गेटबाहेरच्या टपरीवर चहाला असायचे; पण निवृत्त माणसाला आत आणायचं तर परवानगीची वेगळी फाईल. शेवटी पोरंच चहाला जाऊन विचारायला लागली.

जाहिरात, ट्रेड टेस्ट, पोलीस पडताळणी, मेडिकल यांत वर्ष सहज जातं. तेव्हा रिकाम्या होणाऱ्या जागेचा कागद दोन वर्षं आधी हलवा. मास्टर क्राफ्ट्समनची (कुशल कामगाराच्या वरच्या श्रेणीची) बढती दिलीत की खालची जागा रिकामी होते, तीही त्याच दिवशी लिहा. ॲप्रेंटिस पोरांना नुसतं हजेरीपुरतं ठेवू नका, काकांच्या शेजारी उभं करा. तेही काका असतानाच.

माझ्या वहीत आता निवृत्तीच्या तारखेपुढे एक रकाना आहे: 'हाताखाली कोण?' तो भरायला मात्र ऑफिसात बसून चालत नाही. शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या विभागात, जावं लागतं, तिथल्या पर्यवेक्षकाशी, चार्जमनशी, बोलावं लागतं, आणि तो "आहेत की माणसं" म्हणाला की नावं विचारावी लागतात.