वंशावळ काढायचीय? आधी आजीला गाठा, तलाठी नंतर

बऱ्याच जणांचं काय होतं, वंशावळ काढायची म्हटलं की पहिलं अ‍ॅप डाऊनलोड करतात, आईबाबा आजीआजोबा टाकतात आणि पणजीच्या नावापाशी अडतात ते अडतातच. अ‍ॅप नंतर. आधी एक वही घ्या आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस गाठा, शक्यतो बाईमाणूस, आजी, आत्या, चुलत आजी कुणीही. पुरुषांना भाऊबंद आणि जमिनीचे हिस्से पाठ असतात पण कोणाला कुठे दिली, कुणाचं माहेर कुठलं, कुणाची पहिली बायको बाळंतपणात गेली हे बायकांनाच माहीत असतं. मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण विचारून.

आणि जन्म कधीचा असं सरळ विचारू नका, १ जून उत्तर येईल, अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्याच दिवशी असतो कारण शाळेत घालताना मास्तरांनी तीच तारीख ठोकलेली. त्यापेक्षा घटना धरून विचारा. पानशेत फुटलं (१९६१) तेव्हा लग्न झालेलं का, कोयनेचा भूकंप झाला (१९६७) तेव्हा कडेवर कोण होतं, ७२ च्या दुष्काळात धाकटे काका केवढे होते. अजून मागे जायचं तर मानमोडीची म्हणजे फ्लूची साथ आहे, १९१८ ची, तिच्यात कोण गेलं हे काही घरांत अजून सांगतात.

मग घरातले कागद. कुणाची जात पडताळणी झाली असेल तर ती फाईल आधी मागून घ्या, तिच्यात वंशावळीचं शपथपत्र असतंच, म्हणजे निम्मं काम कुणीतरी आधीच करून ठेवलंय. फक्त त्यात बहुतेक बापाकडचे पुरुषच असतात. जुन्या लग्नपत्रिका फेकू नका, निमंत्रकांची अख्खी यादी असते. घरात श्राद्ध होत असेल तर गुरुजींना विचारा, तर्पणाला बापाकडच्या तीन पिढ्या घेतात, आणि त्यात आई, आजी, पणजीची नावं पण येतात, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

सरकारी कागदात माझ्या मते सगळ्यात भारी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाला की होणारी नोंद. सातबारावर फक्त आत्ताचे मालक दिसतात, पण खातेदार वारला की वारसांची नोंद फेरफारात होते, त्यात बायको, मुलं, मुली, नातं, बरेचदा वयसुद्धा. लग्न झालेल्या मुलींची सासरची नावं तर हमखास सापडतात हक्कसोडपत्रात, म्हणजे बहिणीचं नाव कागदावर आलं ते हक्क सोडतानाच, काय बोलायचं आता. सातबाऱ्यावर फेरफाराचे नंबर असतात ते धरून मागे मागे जायचं. आपले अभिलेख साईटवर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने कागद स्कॅन करून टाकलेत, तिथे नसेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज द्या. तिथेच गाव नमुना १४ पण मागा, कोतवाल बुक म्हणतात ते, जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात असतात. आणि शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा घ्या.

जुने कागद मोडी लिपीत निघतील, घाबरू नका. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग असतात, नाहीतर पैसे घेऊन वाचून देणारे जाणकार मिळतात. मराठवाड्यातल्यांना निजामाच्या काळातलं उर्दू लागू शकतं. ख्रिश्चन घर असेल तर चर्चमधलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर.

कोल्हापूर सांगली बेळगावकडचे असाल तर हेळवी विसरू नका, पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांची वंशावळ सांगत फिरणारा समाज आहे हा, तुमच्या घराण्याचा हेळवी कोण हे गावात विचारलं की कळतं. बाकीच्यांनी त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांकडे जायचं, त्यांच्या वह्यांत घराण्यांच्या वंशावळी लिहिलेल्या असतात. जाताना मूळ गाव आणि आडनाव नीट माहीत पाहिजे, जुनं आडनाव वेगळं असेल तर ते पण, नाहीतर वही सापडायची नाही.

एक घोळ सगळ्यांचाच होतो. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे गणपत रामा, मग रामा गणपत, मग परत गणपत रामा, आणि दोन गणपतांचा एक होऊन दोन पिढ्या गायब. म्हणून नावापुढे अंदाजे का होईना साल लिहा, आणि हे कुणी सांगितलं की कागदावर पाहिलं तेही.

एवढं झालं की मग अ‍ॅप. फॅमिलीसर्च फुकट आहे, ग्रॅम्प्स पण, आणि ग्रॅम्प्समधलं सगळं आपल्याच कॉम्प्युटरवर राहतं. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव नेटवर उघडं टाकू नका, बँका तेच विचारतात.

आणि गौरी-गणपतीला सगळे जमतात तेव्हा मोठी प्रिंट काढून भिंतीवर लावा, शेजारी दोरीला पेन बांधा. लोक भांडत भांडत सगळ्या दुरुस्त्या करून देतात.