बीपीचे दोन आकडे वजा करून बघा

घरी बीपीची मशीन असेल तर आज एवढं करा, वरच्या आकड्यातून खालचा वजा करा. माझ्या बाबांचं १५८/७२ यायचं आणि आम्ही सगळे खालचा तर नॉर्मल आहे म्हणून निवांत. फरक निघाला ८६! साधारण ४० च्या आसपास असतो, सतत ६० च्या वर राहत असेल तर रक्तवाहिन्या कडक होऊन राहिल्या असं समजून डॉक्टरांना दाखवायचं.

मोजताना घाई नको. अर्धा तास आधी चहा नाही, खर्रा (तंबाखू-सुपारीचा) नाही, पाच मिनिटं पाठ टेकून गप बसायचं, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या लेव्हलला, मिनिटभराने परत एकदा. असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस, वहीत लिहून.

आता कडक का होतात? कूलरच्या पंपाचा पाइप आठवा, नवा असतो तेव्हा बोटाने दबतो, नागपूरचे दोन उन्हाळे खाल्ले की दाबला तर तडकतो. शरीरात बारीक सूज वर्षानुवर्षं धुमसत राहिली (ताप नाही, दुखणं नाही, काही कळत नाही) की वाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड (वाहिनी सैल ठेवणारा वायू) कमी बनवतं, लवचिक इलास्टिन तुटत जातं आणि ताठ कोलॅजन वाढतं. मग ठोक्याचा धक्का झेलायला वाहिनी ताणतच नाही, वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो, आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधेच, म्हणून नुसता खालचा बघून खूश होऊ नका.

धग कुठून येते ते शोधा. पोटाचा घेर, तंबाखू, शुगर, संधिवात, सोरायसिस, आणि हिरड्या! बाबांच्या ब्रशला रोज गुलाबी फेस यायचा, ते म्हणायचे ब्रशच कडक आहे. पन्नीत घोटलेला खर्रा दिवसातून चारदा. आधी दातांच्या डॉक्टरकडे नेलं, मग खर्रा सोडवायला लागलो, हे सगळ्यात अवघड गेलं.

डॉक्टरांना एचएस-सीआरपी टेस्टबद्दल विचारा, रक्तातून ही आतली सूज मोजतात. १ (mg/L) च्या खाली चांगलं, ३ च्या वर जास्त, १० च्या वर आलं तर बहुतेक कुठलं तरी इन्फेक्शन असतं, बरं झाल्यावर परत करायची. २०१७ च्या कॅन्टॉस ट्रायलमध्ये १० हजारांवर पेशंटमध्ये एका औषधाने कोलेस्टेरॉल न बदलता फक्त सूज कमी केली तरी हार्ट अटॅक कमी झाले, पण त्या औषधाने जीवघेणी इन्फेक्शन्स वाढली, म्हणून स्वतःच्या मनाने काही नाही. सूज आहे म्हणून मेडिकलमधून पेनकिलर तर बिलकुल घेऊ नका, त्याने बीपी अजून चढतं.

बाकी रोज अर्धा तास भरभर चालणं, मे महिन्यात सकाळी सहाच्या आत अंबाझरी तलावाला. मीठ कमी, जेवणात जवसाची चटणी, सावजी महिन्यातून एकदा. बीपीची गोळी सुरू असेल तर ती सुरूच ठेवा, आणि वही घेऊन जा, डॉक्टरांना आकड्यांपुढे फरकाचाही रकाना दाखवा.