मिलियन-बिलियनचे आकडे मराठीत कसे लिहावेत

आधी स्वल्पविराम. उजवीकडचे तीन अंक सोडायचे, मग दोन-दोनची जोडी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. डावीकडून वाचा: अकरा कोटी, तेवीस लाख, चौऱ्याहत्तर हजार, तीनशे तेहतीस.

मग तीन गोष्टी पाठ करा. एक मिलियन म्हणजे १० लाख, एक बिलियन म्हणजे १०० कोटी आणि एक ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. ‘शून्यं मोजा’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. घाईत बारा शून्यांची अकरा होतातच.

आता खरी अडचण, दशांशचिन्हाची. मी बरीच वर्षं विज्ञानावरचे लेख मराठीत आणते. सुरुवातीला विश्वाचं वय, १३.८ बिलियन वर्षं, मी ‘१३ अब्ज ८ कोटी’ असं लिहिलं होतं. छापायच्या आदल्या दिवशी ते एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या नजरेस पडलं. बरोबर उत्तर १३ अब्ज ८० कोटी. माझ्या एका ओळीत ७२ कोटी वर्षं गायब झाली होती. डायनोसॉर नष्ट झाले त्याला साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं झाली, म्हणजे त्याच्या जवळजवळ अकरा पट काळ!

ही चूक मुरते, कारण काही वेळा ती पद्धत योगायोगाने जमून जाते. पृथ्वीचं वय ४.५४ बिलियन वर्षं. ‘४ अब्ज ५४ कोटी’ लिहिलं की अगदी बरोबर. एका अब्जात शंभर कोटी असतात, त्यामुळे दशांशानंतर नेमके दोन अंक असतील तर ते जसेच्या तसे कोटी म्हणून वाचता येतात. एकच अंक असला की फसगत होते. मिलियनमध्ये तर दोन अंक असले तरी फसगत होते: २.०५ मिलियन म्हणजे २० लाख ५० हजार. त्याचे ‘२ लाख ५ हजार’ झालेले मी छापील मजकुरात पाहिले आहेत.

म्हणून दशांशाच्या दोन बाजू वेगवेगळ्या वाचूच नका. अख्खं चिन्ह सरकवा. मिलियनचे लाख करताना एक घर उजवीकडे: ३.७ मिलियन, ३७ लाख. बिलियनचे कोटी करताना दोन घरं: ३.७ बिलियन, ३७० कोटी. अंक कमी पडला तर शून्य भरा. ट्रिलियनला चिन्ह हलवायचंच नाही, फक्त नाव बदलायचं. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९.४६ ट्रिलियन किलोमीटर, म्हणजेच ९.४६ लाख कोटी किलोमीटर.

मूळ मजकूर कुठला आहे हेही बघा. जर्मनमध्ये आपल्या अब्जाला मिलियार्डे म्हणतात आणि तिथला बिलियोन थेट लाख कोटी असतो. ब्रिटिश सरकारनेही १९७४ मध्ये आजचा बिलियन स्वीकारला. त्याआधीच्या ब्रिटिश पुस्तकात हा शब्द दिसला तर तो लाख कोटीच्या अर्थाने असू शकतो.

कोटीच्या पुढे काय लिहावं? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी नावं आहेत आणि प्रत्येक नाव आधीच्याच्या दहापट. परार्धावर सतरा शून्यं. मला ही नावं फार आवडतात, मुलांना ती जरूर शिकवावीत. पण बातमीत खर्व लिहू नका. आपल्या खर्वावर दहा शून्यं, हिंदीतल्या खरबवर अकरा; हिंदी मजकुरावरून काम करणारे इथे हमखास दहापट चुकतात. हजार कोटी, लाख कोटी लिहा. वाचणाऱ्याला लगेच कळतं.

दीड कोटी, अडीच लाख, पावणेदोन कोटी हे बिनधास्त वापरा. पावणेदोन कोटी म्हणजे १,७५,००,०००, एवढं ध्यानात असू द्या.

शेवटी आकडा एकदा पूर्ण अंकांत लिहून तपासा. एक कोटीला आठ अंक लागतात, एक अब्जाला दहा, लाख कोटीला तेरा. विश्वाचं वय १३,८०,००,००,०००. तेराच्या पुढच्या जोडीत ८० आहे की ०८, तेवढं बघा आणि मगच मजकूर पुढे पाठवा.