एक्सआरएफचे पीक सरकलेले दिसतात? आधी फाइल नोटपॅडमध्ये उघडा

एक्सआरएफ म्हणजे एक्स-किरणांनी नमुन्यातली मूलद्रव्यं ओळखायचं तंत्र; प्रत्येक मूलद्रव्याचा पीक, म्हणजे आलेखातलं शिखर, ठरलेल्या ऊर्जेवर येतो. मनसरच्या मँगनीज खनिजाचा नमुना, आणि सॉफ्टवेअर म्हणतंय यात मँगनीज नाहीच! नागपुरात लॅबमध्ये बसून अर्धा दिवस मशीनला शिव्या घातल्या. मशीन ठीक होतं, एमसीए फाइलमधला (मशीन स्पेक्ट्रम, म्हणजे हा आलेख, जिथे साठवतं ती फाइल) कॅलिब्रेशनचा भागच गायब होता.

असं करा:

१. फाइलची प्रत काढा, ती नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीला कॅलिब्रेशनच्या ओळी नसतील, तर सॉफ्टवेअरला चॅनल (आलेखातले क्रमांक दिलेले कप्पे) कळतात, कोणता चॅनल किती ऊर्जेचा हे कळत नाही.

२. त्याच सेटिंगवर एसएस ३१६ स्टीलच्या तुकड्याचा स्पेक्ट्रम घ्या. साधं ३०४ नको, त्यात मॉलिब्डेनम जवळपास नसतं. ३१६ मध्ये लांब अंतरावरचे दोन पीक एकाच फटक्यात मिळतात: लोह ६.४० केईव्ही (ऊर्जेचं एकक), मॉलिब्डेनम १७.४८ केईव्ही.

३. दोन्ही शिखरांचे चॅनल नोंदवा. समजा ३२५ आणि ८७९ आले. ऊर्जेतला फरक ११.०८, चॅनलमधला ५५४, भागाकार ०.०२ केईव्ही प्रति चॅनल. शून्यबिंदू: ६.४० वजा (३२५ × ०.०२), म्हणजे उणे ०.१०.

४. हे दोन आकडे सॉफ्टवेअरच्या कॅलिब्रेशनमध्ये भरा आणि नमुन्याची फाइल पुन्हा लावा. मँगनीजचा पीक ५.९० वर यायला हवा.

मँगनीज खनिजातलाच लोहाचा पीक धरून कॅलिब्रेशन करायचा मोह होतो, तो टाळा. मँगनीजची के-बीटा रेषा (त्याचा दुसरा, लहान पीक) ६.४९ वर असते, लोहाला अगदी खेटून. दोन्ही मिसळतात आणि शिखर सरकतं.