तळघरातील फिश टँकची खोली हिवाळ्यात सुरक्षितपणे उबदार ठेवण्यासाठी

सोलापूरची ओळख उन्हाची असल्यामुळे येथे मासे पाळणाऱ्यांना हिवाळ्यात उष्णतेची व्यवस्था करावी लागते, हे अनेकांना सहज पटत नाही. परंतु डिसेंबर-जानेवारीत, गड्डा यात्रेच्या सुमारास, पहाटेचा पारा अनेकदा 15 अंशांच्या जवळपास किंवा त्याखाली उतरतो आणि दुपारी तोच 30 अंशांपर्यंत चढतो. गप्पी, एंजल, फायटर आणि टेट्रा यांना 24 ते 27 अंशांचे पाणी मानवते, तर डिस्कसला 28 ते 30 अंश लागतात. पाणी थंड पडले, किंवा दिवसरात्रीत त्याचे तापमान बरेच वरखाली झाले, की माशांची प्रतिकारशक्ती घटते आणि अंगावर पांढरे ठिपके आणणारा ‘व्हाइट स्पॉट’ बळावतो.

या बाबतीत तळघर सोयीचे ठरते. जमिनीच्या पोटातील तापमान हवेइतके झपाट्याने बदलत नाही. काही मीटर खोलीवर ते त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहते, आणि सोलापूरची ही सरासरी साधारण 26 ते 27 अंश आहे. म्हणूनच येथील तळघराला थंड देशांसारखी अखंड उष्णता द्यावी लागत नाही. फक्त काही आठवड्यांच्या रात्रींत, काही अंशांची उणीव भरून काढायची असते. हे लक्षात न घेता मोठे हीटर आणून बसवणे खर्चिक तर आहेच, पण धोकादायकही आहे.

त्यामुळे खरेदीपूर्वी मोजमाप करावे. एक थर्मामीटर खालच्या टाकीजवळ, एक वरच्या टाकीजवळ आणि एक पाण्यात ठेवून आठवडाभर पहाटे व दुपारी नोंदी कराव्यात. थंडी बहुतेक वेळा भिंतींतून येत नाही. ती जिन्याच्या दाराखालून आणि झरोक्यातून येते. दाराखाली रबराची पट्टी लावावी. झरोक्याला उघडझाप करता येणारी झडप बसवावी, पण तो कायमचा बुजवू नये. टाकीखाली आणि मागच्या बाजूला थर्मोकोल लावल्यास, तसेच वरून काचेचे झाकण ठेवल्यास, पाण्यातील उष्णता बरीच टिकते. रात्री टाकीच्या तीन बाजूंनी जाड सोलापुरी चादर लावण्याचा उपाय साधा आणि परिणामकारक आहे. मात्र ती दिव्यावर, हीटरवर किंवा एअर पंपावर येता कामा नये आणि तिचे टोक पाण्यात बुडता कामा नये, कारण सुती कापड पाणी शोषून थेट प्लगपर्यंत नेऊ शकते.

इतके केल्यावरही उणीव राहिल्यास, पाच-सहा टाक्यांपर्यंत पाणीच तापवावे, खोली नव्हे. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत साधारण 100 लिटर पाणी मावते. एवढे पाणी एका अंशाने तापवण्यासाठी 100 वॅटच्या हीटरला एक तासाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि ही संथ गती माशांच्या हिताचीच आहे. मध्यम थंडीसाठी लिटरला एक वॅट हे प्रमाण पुरेसे आहे. एका 100 वॅटच्या हीटरऐवजी 50 वॅटचे दोन बसवावेत, असा माझा आग्रह आहे. थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद करणारा भाग) बिघडून एखादा हीटर बंदच झाला नाही, तर 50 वॅट पाण्याचे तापमान लगेच घातक पातळीला नेत नाहीत; आणि एखादा बंद पडला, तर दुसरा रात्र निभावून नेतो. प्रत्येक टाकीत वेगळा थर्मामीटर असावा, कारण हीटरच्या चकतीवरील आकडा नेहमी खरा नसतो.

टाक्यांची संख्या मोठी असेल तर खोलीची हवा तापवणे सोपे पडते. त्यासाठी थर्मोस्टॅट असलेला आणि कलंडल्यास आपोआप बंद होणारा ऑइल हीटर निवडावा. उघड्या लाल तारेचा रॉड हीटर येथे वापरू नये; पाण्याचा शिंतोडा, थर्मोकोल किंवा लोंबणारी चादर यांपैकी काहीही त्याला लागले तर शॉक किंवा आग लागण्याची शक्यता असते. ऑइल हीटरच्या चहूबाजूंनी किमान एक मीटर जागा मोकळी असावी, त्यावर कपडे वाळत घालू नयेत आणि तो जिन्याच्या वाटेवर ठेवू नये, कारण तळघरातून बाहेर पडण्याचा मार्ग बहुधा तो एकच असतो. गरम हवा वर जात असल्याने डिस्कसची टाकी वरच्या कप्प्यात आणि थंड पाणी चालणाऱ्या गोल्डफिशची खालच्या कप्प्यात ठेवावी. बाष्पीभवनामुळे पाणी हवेपेक्षा किंचित थंडच राहते, हे लक्षात ठेवून खोलीचे तापमान ठरवावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. तळघरात जळणारे काहीही नेऊ नये. कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह, गॅसचा हीटर, यांपैकी एकही नाही. बंद जागेत ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणसाला गुंगी येईपर्यंत धोका कळतही नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाल्यास तो तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीने पेट घेतो; म्हणून सिलिंडर तर तळघरात मुळीच ठेवू नये. जनरेटरही तळघरात किंवा झरोक्याजवळ चालवू नये. तळघराला लागून वाहने उभी राहत असतील, तर त्यांचा धूर आत येत नाही ना, हेही पाहावे.

विजेच्या जोडणीत काटकसर करू नये. 2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टला जवळपास 9 अँपिअर प्रवाह घेतो, त्यामुळे त्याला 6 अँपिअरचा प्लग किंवा एक्स्टेंशन बोर्ड चालत नाही. त्याला अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि किमान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर द्यावी. या खोलीच्या संपूर्ण जोडणीवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा आणि त्याचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून तो ट्रिप होतो का, हे तपासावे. प्लग टाकीच्या खाली नसावेत, बाजूला आणि जमिनीपासून तीन फूट उंचीवर असावेत. टाकीतून येणारी प्रत्येक वायर प्लगच्या पातळीखाली झोळ देऊन मगच वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळातून खाली टपकते. पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटरचा प्लग काढावा. पाणी बदलताना तर तो पंधरा मिनिटे आधीच काढावा, कारण तापलेला काचेचा हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की तडकतो.

उबेबरोबर दमटपणाही येतो. भिंतीवर किंवा स्विचबोर्डवर पाण्याचे थेंब दिसू लागले, तर झाकणे नीट आहेत का ते पाहावे आणि दुपारी हवा उबदार असताना एक्झॉस्ट पंखा थोडा वेळ चालवावा.

वीज गेल्यास पाणी लगेच थंड होत नाही. टाकी जितकी मोठी, तितका वेळ अधिक मिळतो. पहिली अडचण प्राणवायूची असते, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप तयार ठेवावा.

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे साठवण करावीच लागते. त्यातील एक पिंप तळघरातच भरून ठेवल्यास ते पाणी खोलीच्या तापमानाला येते आणि क्लोरीनही बरेचसे उडून जाते. गच्चीवरच्या टाकीचे पहाटेचे पाणी थेट घालू नये. बदललेल्या पाण्यामुळे टाकीचे तापमान एका अंशाहून अधिक हलता कामा नये.

महाशिवरात्रीनंतर पहाटेच्या नोंदी पुन्हा पाहाव्यात. पाणी हीटरविना सलग आठवडाभर 24 अंशांच्या (डिस्कसच्या टाकीत 28 अंशांच्या) वर राहिले, तर हीटर काढावेत, त्यांवरचा पांढरा क्षार व्हिनेगरने पुसावा, वायरीला तडा आहे का ते तपासावे आणि ते कोरडे करून ठेवावेत. तडा दिसलेला हीटर दुरुस्त करू नये, टाकूनच द्यावा. थर्मोकोलही काढावे, कारण एप्रिलपासून टाकीतली उष्णता बाहेर जाऊ द्यावी लागते. पाणी 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते, 30 अंशांना मात्र 7.6 मिलिग्रॅमच, त्यामुळे उन्हाळ्यात एअर पंप रात्रंदिवस सुरू ठेवावा.